बारावीनंतरची गुणवत्ता शिष्यवृत्ती: निकालापासून खात्यात रक्कम जमा होईपर्यंत

बारावीला उत्तम गुण मिळवूनही शिष्यवृत्तीपासून वंचित राहिलेले अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या बाबतीत गुण कमी पडले होते. कुणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली होती, कुणाचे आधारवरील नाव गुणपत्रिकेशी जुळत नव्हते, तर कुणाचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये शेवटच्या तारखेपर्यंत तसाच पडून राहिला होता. माझ्या दोन्ही मुलांचे अर्ज मी स्वतः बसून भरले आणि त्यानंतर आमच्या परिसरातील विद्यार्थ्यांना दरवर्षी या कामात मदत करत आलो आहे. त्या अनुभवावरून हे मार्गदर्शन लिहीत आहे. गुणांमुळे तुम्ही पात्र ठरता. प्रत्यक्ष रक्कम मात्र ज्याची कागदपत्रे निकालाआधी तयार असतात आणि जो अर्जाचा पाठपुरावा सोडत नाही, त्यालाच मिळते, असे माझे ठाम मत आहे.

येथे मुख्यतः महाराष्ट्रातून बारावी झालेल्या विद्यार्थ्यांचा विचार केला आहे. मात्र केंद्र शासनाच्या योजनांचा भाग गोव्यातील किंवा इतर राज्यांतील मराठी विद्यार्थ्यांनाही तसाच लागू पडतो. योजनांच्या अटी आणि मुदती शासन वेळोवेळी बदलते, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत सूचना पोर्टलवर स्वतः वाचून घ्यावी.

१. टक्के आणि पर्सेंटाइल यांतील फरक समजून घ्या

सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतो. केंद्र शासनाच्या उच्च शिक्षण विभागाची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती, जी आता ‘पीएम-यूएसपी’ (प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा प्रोत्साहन) या नावाखाली येते आणि जिला सर्वजण ‘सेंट्रल सेक्टर’ म्हणून ओळखतात, तिची मुख्य अट ‘आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर’ अशी आहे. ती वाचून ७४ टक्के मिळालेला विद्यार्थी ‘आपल्याला ८० नाहीत’ असे समजून अर्जच भरत नाही, आणि तिथेच त्याचे नुकसान होते.

समजा, एखाद्या मंडळाच्या कला शाखेत १,००,००० विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांपैकी ८०,००० विद्यार्थ्यांपेक्षा तुमचे गुण अधिक असतील, तर तुम्ही ८० पर्सेंटाइलच्या वर आहात, मग तुमचे टक्के ७० असोत वा ९०. म्हणजेच उत्तीर्णांपैकी वरच्या एक पंचमांश विद्यार्थ्यांमध्ये तुम्ही आहात की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. ही सीमारेषा प्रत्येक मंडळासाठी, प्रत्येक शाखेसाठी आणि प्रत्येक वर्षी वेगळी असते. त्यामुळे मोठ्या भावाच्या वेळी विज्ञान शाखेची रेषा किती होती, यावरून यंदाच्या वाणिज्य शाखेचा अंदाज बांधू नये. निकालानंतर मंडळाकडून शाखानिहाय किमान गुण जाहीर होतात. ते शोधून पाहावेत आणि सापडले नाहीत तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्र असणे आणि निवड होणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. या योजनेत देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्या राज्यांमध्ये १८ ते २५ वयोगटातील लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात, त्यांतील निम्म्या मुलींसाठी असतात, आणि विज्ञान, वाणिज्य व कला या शाखांमध्ये त्यांची विभागणी ३:२:१ अशी होते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांच्यासाठी आरक्षण आहे. ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या अर्जदारांची संख्या उपलब्ध जागांपेक्षा अधिक झाली की गुणानुक्रमे निवड होते. म्हणून सीमारेषेच्या जेमतेम वर असलेल्या विद्यार्थ्याने अर्ज जरूर करावा, मात्र केवळ त्या रकमेवर विसंबून फीचे गणित मांडू नये.

२. आपल्याला लागू होणारी योजना ओळखा

पुढील योजना गुणवत्तेशी थेट जोडलेल्या आहेत किंवा गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशाशी निगडित आहेत. सगळ्याच योजना सर्वांसाठी नसतात, म्हणून आपली शाखा, अभ्यासक्रम आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न या तीन गोष्टी समोर ठेवून वाचावे.

सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपर्यंत असावे लागते आणि नियमित पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला असावा लागतो. पदविका आणि दूरशिक्षण चालत नाही. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तर वर्षांसाठी दरवर्षी २०,००० रुपये मिळतात. चार किंवा पाच वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमात चौथ्या व पाचव्या वर्षी २०,००० रुपये मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा असतो.

इन्स्पायर शिष्यवृत्ती: केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे. आपल्या मंडळाच्या बारावी परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन बी.एस्सी., बी.एस. किंवा एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्यास वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यांतले ६०,००० रुपये थेट शिष्यवृत्तीचे आणि २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पाचे असतात. जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या १०,००० मध्ये येऊनही मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांना पात्रतेचा वेगळा मार्ग खुला आहे. या योजनेला उत्पन्नाची मर्यादा नाही, हे मध्यमवर्गीय पालकांनी आवर्जून लक्षात घ्यावे.

येथे एक मोठा धोका आहे आणि तो प्रवेश घेण्यापूर्वीच माहीत असायला हवा. इन्स्पायरसाठी विषयांची ठरावीक यादी आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असे विषय त्यात आहेत. परंतु जैवतंत्रज्ञान आणि संगणकशास्त्र त्यात नाहीत. आपल्याकडे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आणि बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी यांना मोठी मागणी असल्याने वरच्या एक टक्क्यातील विद्यार्थीही तिथे प्रवेश घेतात आणि शिष्यवृत्तीची चौकशी नंतर करतात. केवळ पैशासाठी आवडीचा विषय सोडावा असे मी म्हणणार नाही, मात्र निर्णय घेताना ही बाब ठाऊक असलीच पाहिजे.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: ही राज्य शासनाची योजना महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजेच ‘कॅप राउंड’मधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्काचा व परीक्षा शुल्काचा ५० टक्के भाग शासन भरते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास हा लाभ मिळत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. नावाच्या साधर्म्यामुळे होणारा एक गोंधळही टाळावा. ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती’ ही दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अकरावी-बारावीसाठी मिळणारी वेगळी योजना आहे. पदवीचा विद्यार्थी त्या योजनेत अर्ज करत बसला, तर त्याचा वेळ वाया जातो.

प्रगती आणि सक्षम: एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) या दोन शिष्यवृत्त्या तंत्रशिक्षणासाठी आहेत. ‘प्रगती’ मुलींसाठी असून एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत मिळते, तर ‘सक्षम’ ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. दोन्हींत उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आणि रक्कम वर्षाला ५०,००० रुपये आहे.

अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना नामांकित संस्थांमध्ये प्रवेश मिळाला आहे, त्यांनी केंद्राच्या ‘टॉप क्लास’ योजनेत आपली संस्था समाविष्ट आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच पाहावे, कारण त्या योजनेत शिक्षण शुल्काचा मोठा भार उचलला जातो. ओबीसी व भटक्या-विमुक्त प्रवर्गासाठी ‘पीएम-यशस्वी’मध्ये याच स्वरूपाची तरतूद आहे.

शेवटी जुन्या माहितीविषयी सावध करतो. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा २०२२ मध्ये बंद झाली आणि राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित आहे, तरीही या दोन्हींच्या ‘अर्ज कसा करावा’ अशा सूचना अजून फिरत असतात. त्यांवर वेळ घालवू नये.

३. एका वेळी एकच: कोणती स्वीकारायची ते आधी ठरवा

सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा राज्याची शुल्कमाफी घेता येत नाही. दोन्हीकडे अर्ज मंजूर करून घेतल्यास आधार क्रमांकावरून ते उघड होते आणि रक्कम परत करण्याची वेळ येते. म्हणून आधी हिशेब करावा.

अभियांत्रिकीच्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचे शिक्षण शुल्क समजा ९०,००० रुपये असेल, तर शाहू महाराज योजनेतून ४५,००० रुपये वाचतात. अशा वेळी १२,००० रुपयांच्या मागे जाण्यात अर्थ नाही. उलट अनुदानित महाविद्यालयात बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्याची फी तुलनेने बरीच कमी असते. त्याच्यासाठी पुस्तके, बसचा पास आणि खोलीभाडे हाच खरा खर्च असल्याने सेंट्रल सेक्टरची रक्कम अधिक उपयोगी पडते. बी.एस्सी.चा विद्यार्थी इन्स्पायरला पात्र असेल, तर त्याने दुसरीकडे पाहण्याची आवश्यकताच नाही. खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांचे नियम मात्र वेगवेगळे असतात. काही संस्था शासकीय शिष्यवृत्ती चालवून घेतात, काही घेत नाहीत. अटींमधले ते एक वाक्य अर्जापूर्वी शोधून वाचावे.

४. कागदपत्रे निकालाआधी जमवा

एप्रिल महिना यासाठी योग्य आहे. निकाल लागला की प्रवेशाची धावपळही सुरू होते, सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि संकेतस्थळे संथ होतात.

– दहावीची आणि निकालानंतर बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
– तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
– वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
– लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
– आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक
– विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरील बँक पासबुक
– शिधापत्रिका
– प्रवेश झाल्यावर कॅपचे वाटपपत्र, प्रवेशाची फी पावती आणि महाविद्यालयाचे बोनाफाईड
– शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र
– वसतिगृहात राहत असल्यास तेथील प्रमाणपत्र

यांतला उत्पन्नाचा दाखला हाच बहुतेकांना अडचणीत आणतो. तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. पालक नोकरीत असल्यास फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र, शेतकरी असल्यास तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल व सात-बारा जोडावा लागतो. दाखल्यावर त्याची मुदत छापलेली असते आणि ती सर्वसाधारणपणे ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत ‘काम आटोपून ठेवू’ म्हणून काढलेला दाखला त्यामुळे ऑगस्टमध्ये निरुपयोगी ठरतो. एप्रिल उजाडल्यानंतरच अर्ज करावा आणि दाखला हाती येताच मुदतीची ओळ वाचावी. आई व वडील दोघेही कमावते असतील, तर दोघांचे उत्पन्न धरले गेले आहे का, तेही पाहावे. छाननीत हा मुद्दा निघाला की अर्ज परत येतो. दाखल्यावरील बारकोड क्रमांक महाडीबीटीवर भरावा लागतो, तेव्हा प्रत स्पष्ट छापलेली असावी.

५. नाव सर्वत्र एकसारखे करून घ्या

महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव आणि नंतर वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधार कार्डावर बहुधा विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम असतो आणि अनेकांच्या आधारवर मधले नावच नसते. बँकेच्या पासबुकावर आणखी तिसरा प्रकार आढळतो. केवळ क्रम बदललेला असल्यास सहसा अडत नाही, परंतु स्पेलिंगमधील फरक, गाळलेले मधले नाव किंवा चुकलेली जन्मतारीख असेल, तर पडताळणी अडकते.

दुरुस्ती करायची झाल्यास गुणपत्रिका हा आधार मानून बाकीची कागदपत्रे तिच्याप्रमाणे करून घ्यावीत, कारण मंडळाकडून गुणपत्रिकेत बदल करून घेणे बरेच वेळखाऊ असते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे दुरुस्तीचा अर्ज घाईत भरू नये. केंद्रातील पावतीवरील प्रत्येक अक्षर वाचून मगच बाहेर पडावे. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद असेल, तर तोही याच वेळी बदलून घ्यावा. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि अनेक घरांत तो वडिलांच्या जुन्या, रिचार्ज न केलेल्या सिमचा असतो.

६. बँक खाते: जोडणी आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

‘बँकेत आधार दिलेले आहे’ हे उत्तर मला दरवर्षी ऐकायला मिळते. केवायसीसाठी आधारची प्रत देणे म्हणजे डीबीटीसाठी, म्हणजेच शासनाची रक्कम थेट खात्यात येण्यासाठी, खाते सीड होणे नव्हे. शासनाची रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते आणि एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या नोंदीत त्या आधारपुढे ज्या बँकेचे नाव असेल, तिथेच ती जाते. त्यासाठी बँकेत वेगळे संमतिपत्र भरून द्यावे लागते. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते आणि शेवटी सीड केलेली बँक आधीच्या बँकेची जागा घेते. गॅसच्या अनुदानासाठी किंवा शालेय योजनेसाठी पूर्वी उघडलेले खाते विसरले गेलेले असते आणि शिष्यवृत्ती तिथेच जमा होते, असे वारंवार घडते. युआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येते; अर्ज भरण्यापूर्वी ते तपासावे. बँकेत टोलवाटोलवी होत असेल, तर टपाल कार्यालयातील इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत खाते उघडून सीडिंग करून घेणे हा सोपा मार्ग आहे.

खात्याचा प्रकारही पाहावा. मर्यादित केवायसीवर उघडलेल्या ‘छोट्या खात्या’त कोणत्याही वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण १ लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही. मोठी रक्कम जमा होताना अडचण नको, म्हणून अशा खात्याची पूर्ण केवायसी आधीच करून घ्यावी. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, म्हणून जुने खाते वापरायचे असल्यास थोडी रक्कम भरून ते चालू असल्याची खात्री करावी.

७. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी आणि अर्ज

पहिली पायरी एकवेळ नोंदणीची, म्हणजे ‘ओटीआर’ची आहे. आधारच्या आधारे आणि मोबाइलमधील अ‍ॅपवर चेहरा पडताळून १४ अंकी ओटीआर क्रमांक मिळतो आणि तो संपूर्ण शिक्षणभर एकच राहतो. चेहरा पडताळणी अयशस्वी होत असेल, तर उजेडात, चष्मा काढून प्रयत्न करावा. आधारवरील छायाचित्र लहानपणचे असेल, तर ते आधार केंद्रात अद्ययावत करून घ्यावे. हा क्रमांक व पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. सायबर कॅफेच्या चालकाच्या मोबाइलवर किंवा ईमेलवर नोंदणी करू देऊ नये, कारण पुढच्या वर्षी पासवर्ड बदलण्यासाठी तोच क्रमांक लागतो.

अर्ज भरताना दोन रकाने विशेष काळजीने भरावेत. पहिला बारावीच्या बैठक क्रमांकाचा: गुणपत्रिकेवर अक्षरासह जसा आहे तसाच तो लिहावा, कारण मंडळाच्या माहितीशी तुमची नोंद त्यावरूनच जुळते. दुसरा महाविद्यालयाच्या निवडीचा: सारख्या नावाची महाविद्यालये यादीत अनेक असतात आणि चुकीचे निवडले, तर अर्ज दुसऱ्याच जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो. म्हणून कार्यालयातून आपल्या महाविद्यालयाचा एआयएसएचई क्रमांक (उच्च शिक्षण सर्वेक्षणातील संस्थेचा सांकेतांक) घ्यावा आणि तो पाहूनच निवड करावी.

अर्ज सादर केल्यावर त्याची छापील प्रत घेऊन कागदपत्रांसह महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात द्यावी. या पोर्टलवर अर्ज करण्यासाठी शासन कोणतेही शुल्क घेत नाही. ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचाच आहे असे समजावे.

८. महाडीबीटीवर अर्ज

महाडीबीटीवर आधी प्रोफाइल पूर्ण करावे लागते: वैयक्तिक माहिती, पत्ता, उत्पन्न, सध्याचा अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह. प्रोफाइलमध्ये भरलेल्या माहितीवरूनच पोर्टल तुम्हाला पात्र योजनांची यादी दाखवते. अपेक्षित योजना दिसत नसेल, तर पोर्टलला दोष देण्यापूर्वी प्रोफाइलमधील प्रवर्ग, उत्पन्न आणि प्रवेशाचा प्रकार हे तीन रकाने पुन्हा पाहावेत. कॅपऐवजी दुसरा पर्याय निवडला गेल्यास शाहू महाराज योजना यादीतून नाहीशी होते. या योजनेचा लाभ कुटुंबातील दोन अपत्यांपुरता असल्याने त्याचे हमीपत्रही लागते.

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची पात्रता त्याच वेळी तपासावी. ती शिक्षण शुल्काच्या योजनेला जोडून घेता येते, तरीही अनेक विद्यार्थी पहिला अर्ज झाल्यावर लॉगिन बंद करतात.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षण संचालनालयाच्या काही लहान गुणवत्ता योजनाही या पोर्टलवर आहेत. त्यांच्या रकमा मामुली आहेत. मोठी योजना मिळत असल्यास त्यांच्यात अडकू नये, हे माझे वैयक्तिक मत.

९. महाविद्यालयातील छाननीकडे सतत लक्ष ठेवा

अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम झाले, असे मानणे हीच सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. दोन्ही पोर्टलांवर पहिली छाननी महाविद्यालय करते आणि त्यासाठी वेगळी शेवटची तारीख असते. त्या तारखेपर्यंत महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठवला नाही, तर तुमचा काहीही दोष नसताना तो बाद होतो. माझ्या ओळखीतील एका विद्यार्थिनीचा अर्ज अशाच प्रकारे राहिला. शिष्यवृत्तीचे काम पाहणारे क्लार्क दीर्घ रजेवर होते आणि लॉगिन दुसऱ्या कुणाकडे नव्हते. तिचे त्या वर्षाचे पैसे गेले.

म्हणून आठवड्यातून एकदा स्वतःच्या लॉगिनमध्ये स्थिती पाहावी. राष्ट्रीय पोर्टलवर ‘डिफेक्टिव्ह’ आणि महाडीबीटीवर ‘सेंड बॅक’ असे दिसले, तर घाबरून जाऊ नये. याचा अर्थ अर्ज नाकारलेला नसून दुरुस्तीसाठी परत आलेला आहे. शेरा वाचावा, नेमकी तेवढीच दुरुस्ती करावी आणि मुदतीच्या आत पुन्हा सादर करावा. मुदत जवळ येऊनही अर्ज महाविद्यालयाकडेच दिसत असेल, तर अर्ज क्रमांक लिहून प्राचार्यांच्या नावे साधे पत्र द्यावे आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेले विसरले जाते, शिक्क्याच्या पत्राची मात्र दखल घेतली जाते. क्लार्कशी बोलताना आदराने बोलावे. एकेका टेबलावर शेकडो अर्ज असतात आणि व्यवस्थित लावलेली, क्रमांक घातलेली फाइल त्यांचेही काम हलके करते.

१०. खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्या: येथे लेखन आणि मुलाखत महत्त्वाची

रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असून संपूर्ण पदवीकाळात २ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. बारावीला किमान ६० टक्के आणि कुटुंबाचे उत्पन्न १५ लाखांच्या आत असावे लागते. त्यातही अल्प उत्पन्न गटाला प्राधान्य आहे. भाषा, तर्क आणि अंकगणित यांवरील ऑनलाइन चाचणी सर्वांना बंधनकारक असते, त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी इंग्रजी उताऱ्यांचा सराव आधी करावा. कोटक कन्या शिष्यवृत्ती नामांकित संस्थांत व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे. बारावीला ७५ टक्के, उत्पन्न ६ लाखांपर्यंत आणि वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत मदत असे तिचे स्वरूप आहे. पुण्याचे लीला पूनावाला फाउंडेशन पुण्यासह विदर्भातील काही जिल्ह्यांतील मुलींना मदत करते आणि निवडीपूर्वी मुलाखत घेते. ग्रामीण भागातून पुण्यात येणाऱ्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचीही चौकशी करावी. राहण्याजेवण्याचा खर्च वाचणे हे अनेकांच्या बाबतीत शिष्यवृत्तीपेक्षाही मोठे साहाय्य ठरते.

अशा अर्जांमध्ये स्वतःविषयी लिहायचे असते आणि तिथे बहुतेक विद्यार्थी ‘मला देशाची सेवा करायची आहे’ अशी सर्वांची असतात तीच वाक्ये लिहितात. परीक्षकाला तुमची परिस्थिती दिसली पाहिजे. ‘आमची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे’ यापेक्षा ‘वडिलांची दोन एकर कोरडवाहू शेती आहे, सोयाबीनशिवाय दुसरे पीक निघत नाही, आणि अकरावीपासून मी सकाळी दूध संकलन केंद्रावर नोंदी लिहिण्याचे काम करते’ हे वाक्य कितीतरी अधिक सांगते. जे लिहाल ते खरेच असावे, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात आणि काही संस्था घरी भेटही देतात. मुलाखतीत इंग्रजीची भीती वाटत असेल, तर मराठीत बोलू का, असे नम्रपणे विचारावे.

११. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका

पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे पुढच्या वर्षी ती आपोआप येईल, असे नाही. प्रत्येक पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो आणि त्याचीही महाविद्यालयाकडून छाननी होते. सेंट्रल सेक्टरसाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. उपस्थितीची अट हलक्यात घेऊ नये. स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी महाविद्यालय बुडवणाऱ्यांचे नूतनीकरण याच कारणाने अडते.

इन्स्पायरच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळी प्रकल्पाची तयारी जानेवारीपासूनच करावी. मार्गदर्शक प्राध्यापक किंवा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ स्वतःच शोधावा लागतो, आणि प्रकल्प पूर्ण करून अहवाल व मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय २०,००० रुपयांचा भाग मिळत नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांमध्ये जागा मर्यादित असतात, म्हणून एकाच ठिकाणी ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये. जवळच्या विद्यापीठाच्या विभागातील प्राध्यापकांनाही प्रत्यक्ष भेटावे.

निकाल विद्यापीठाकडून उशिरा लागला आणि नूतनीकरणाची मुदत जवळ आली, तर महाविद्यालयाकडून निकालाची ऑनलाइन प्रत साक्षांकित करून घ्यावी व तीच जोडता येईल का, हे शिष्यवृत्ती विभागात विचारावे. पदवीनंतर एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी.ला जाणाऱ्या सेंट्रल सेक्टरच्या विद्यार्थ्यांनी नवे महाविद्यालय निवडताना त्याची पोर्टलवर नोंदणी आहे का, ते प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावे, कारण पदव्युत्तर शिक्षणाचे वर्षाला २०,००० रुपये त्याच महाविद्यालयाच्या छाननीवर अवलंबून असतात.